‘अजून नाही’ म्हणणाऱ्या असेसरच्या पाठीशी कोण?

नोव्हेंबरातली सकाळ, मालवणचा दांडी किनारा. घाटावरून आलेलं एक कुटुंब बनाना राइडसाठी, म्हणजे बोटीने ओढल्या जाणाऱ्या केळ्याच्या आकाराच्या फुग्यावरच्या फेरीसाठी, रांगेत उभं आहे आणि एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा त्यांना लाइफ जॅकेट घालून देतोय. बकल लावायचं, पट्टा आवळायचा, मग दोन्ही खांद्यांशी जॅकेट धरून वर ओढून बघायचं. नीट बसलेलं जॅकेट जागचं हलत नाही. सैल असेल तर थेट कानांपर्यंत येतं. म्हणजे पाण्यात पडल्यावर जॅकेट तरंगणार आणि माणूस त्यातून खाली घसरणार. पोरग्याने पाच जणांचं असं ओढून पाहिलं. सहावी सात-आठ वर्षांची मुलगी. तिला बकल लावलं, "चल गो बाय" म्हणून बोटीकडे पाठवलं. ओढून बघायचं राहिलं.

पाच पावलांवर एक माणूस उभा होता. हाफ पँट, गळ्यात शिट्टी, पावसाळी पिशवीत घातलेलं पॅड. त्याने आधी पुढे होऊन मुलीचं जॅकेट स्वतः आवळलं, मग मागे येऊन कागदाकडे बघत राहिला. कागदावर दोनच चौकोन होते: ‘सक्षम’ आणि ‘अजून सक्षम नाही’. पोरगा त्याच्याच वाडीतला. पोरग्याच्या बापाने आणि याने कित्येक वर्षं एकाच रापणीचा, किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, दोर ओढलेला. सर्टिफिकेटचं काय झालं हे विचारायला बाप संध्याकाळी घरी येणार, हे ठरलेलं.

समोरच्याला काम येतं की नाही हे तपासणाऱ्या या माणसाला असेसर म्हणतात. आणि मी अशा असेसरांना मदत करायचं काम करते. "म्हणजे नक्की काय करतेस?" असं मला घरचेसुद्धा विचारतात. म्हणून एकदा नीट लिहून काढते.

परीक्षा, पण वाळूवर

शाळेच्या परीक्षेत मुलाला काय माहीत आहे ते तपासतात. व्यवसाय प्रशिक्षणात त्याला काय करता येतं ते बघावं लागतं, आणि ते शक्यतो जिथे काम चालतं तिथेच. जीवरक्षक, स्नॉर्कलिंगचा (मास्क-नळी लावून पाण्याखालचं दाखवणारा) गाइड, जिममधला ट्रेनर, पोहायला शिकवणारी ताई, कबड्डीचा कोच, ट्रेकला नेणारा पोरगा, ही सगळी खेळ आणि मनोरंजन क्षेत्रातली कामं. यातलं कुठलंही काम बाकावर बसून सिद्ध होत नाही.

यात पहिली समजून घ्यायची गोष्ट म्हणजे नंबर काढणं आणि निकष लावणं यातला फरक. मालवणातच चिवल्याच्या किनाऱ्यावर समुद्रात पोहायच्या स्पर्धा होतात, तिथे पहिला येणारा पहिला. बाकीच्यांपेक्षा तो पुढे, एवढंच बघायचं असतं. जीवरक्षकाचं तसं नाही. दहा पोरांत तो पहिला आला, पण दहाही जण बुडणाऱ्याला बाहेर काढू शकत नसतील, तर त्या पहिल्या नंबरचा काय उपयोग? आणि दहाही जणांना जमत असेल तर दहाही जण पास व्हायला हवेत. रॉबर्ट ग्लेझर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1963 साली हा फरक नीट मांडला. आपल्याकडे मात्र ‘कितवा आला?’ हा प्रश्न अजून जिभेवरून जात नाही. असेसरसुद्धा कधीकधी नकळत तेच करतो: कालच्या पोरापेक्षा हा बरा, मग चला, सक्षम.

आपल्या देशातली व्यवस्था थोडक्यात अशी. कौशल्यांच्या पायऱ्या ठरवणारी चौकट, म्हणजे एनएसक्यूएफ, 2013 साली आली. सर्टिफिकेट कोण देणार आणि परीक्षा कोण घेणार यावर लक्ष ठेवायला 2018 साली एनसीव्हीईटी ही परिषद स्थापन झाली. खेळ, फिटनेस आणि मनोरंजन यांची कामं ठरवणारी वेगळी स्किल कौन्सिल आहे, पर्यटनाची वेगळी. प्रत्येक कामाचा एक ‘क्वालिफिकेशन पॅक’ असतो आणि त्यात त्या माणसाला काय काय करता आलं पाहिजे याची कलमं असतात. जे आधीपासून काम करतायत पण ज्यांच्याकडे कागद नाही, त्यांच्यासाठी आरपीएल, म्हणजे आधी शिकलेल्याची दखल. कोकणात हे आरपीएल फार महत्त्वाचं, कारण इथल्या निम्म्या चांगल्या गाइडांनी समुद्र वर्गात शिकलेला नाही. तो त्यांना बापाच्या होडीत मिळाला.

भारतात शिकवणारा आणि तपासणारा शक्यतो वेगळे ठेवतात. संस्थेचा ट्रेनर शिकवतो, बाहेरच्या एजन्सीचा असेसर येऊन परीक्षा घेतो. न्यूझीलंड, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया इथे कामाच्या जागचाच अनुभवी माणूस, अनेकदा सुपरवायझरच, असेसर असतो. ब्रिटनमध्ये 1986 पासून एनव्हीक्यू नावाची, कामाच्या जागी तपासून सर्टिफिकेट द्यायची पद्धत आली. त्यात असेसरच्या निर्णयावर नजर ठेवायला दुसरा माणूस असे. न्यूझीलंडमध्ये तर असेसर व्हायचं म्हणजे त्याचीच परीक्षा. युनिट स्टँडर्ड 4098 नावाचं एक कलम आहे, ते पुरं करून ‘मला दुसऱ्याचं काम निकषावर तपासता येतं’ हे दाखवावं लागतं.

दोन्ही पद्धतींत खोड आहे. बाहेरून आलेल्या असेसरला समुद्र कळत नाही. मी असा एक पाहिलाय ज्याने ओहोटीला परीक्षेची वेळ ठेवली आणि पोहायला पाणीच नव्हतं. आणि आतल्या असेसरला समुद्र कळतो, पण माणसंही कळतात. तीच त्याची अडचण.

पोहता येतं, पण बघता येतं का?

तीस वर्षं पाण्यात काढलेल्या माणसाला आपण असेसर करतो तेव्हा एक गोष्ट गृहीत धरतो: ज्याला काम येतं त्याला दुसऱ्याचं काम तपासता येणारच. येत नाही. त्याचं ज्ञान हातात असतं, डोळ्यात असतं, तोंडात नसतं. देवबागच्या संगमावर, नदी समुद्राला मिळते तिथे, उधाणाच्या ओहोटीला पाणी कसं ओढतं ते तो अंगावर येणाऱ्या लाटेवरून सांगेल. पण ‘हा पोरगा ओढ ओळखतो’ असं लिहायचं तर काय बघून लिहायचं, ते त्याला सुचत नाही. मग तो लिहितो, "चांगला केला."

दुसरी भानगड आणखी सूक्ष्म आहे. 1920 साली एडवर्ड थॉर्नडाइक यांनी सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्या माणसांना दिलेले गुण तपासले. शरीर, बुद्धी, नेतृत्व, स्वभाव असं वेगवेगळं तोलायचं होतं. पण ज्याला एका बाबतीत चांगलं म्हटलं त्याला सगळ्याच बाबतींत चांगलं म्हटलेलं. याला हेलो इफेक्ट म्हणतात. आमच्याकडे त्याचं रूप असं: पोरगा माशासारखा पोहतो, पर्यटकांशी गोड बोलतो, मग त्याने प्रथमोपचाराची पेटी उघडून पाहिली नाही हे असेसरच्या डोळ्यांना दिसतच नाही.

मी स्वतः हे केलंय. सुरुवातीच्या वर्षांत तलावात सुरेख पोहणाऱ्या एका मुलाला मी ‘सक्षम’ लिहून मोकळी झाले. पुढे तो समुद्रात पहिल्यांदा चार फुटी लाटेत उतरला आणि स्वतःच घाबरून बोटीला लटकला. कुणाला काही झालं नाही, पण ती सही माझी होती. त्या दिवसापासून मी असेसरला पहिला प्रश्न विचारते: "तू काय पाहिलंस?" ‘तो कसा आहे’ हे मला नको. काय पाहिलंस ते सांग.

पुराव्याचे चार प्रश्न

असेसर शेवटी पुरावा गोळा करत असतो. ऑस्ट्रेलियात या पुराव्याचे चार नियम पाठ करून घेतात: तो त्या कामाचाच असावा, पुरेसा असावा, त्याच माणसाचा असावा आणि ताजा असावा. ऐकायला सोपं वाटतं, किनाऱ्यावर आणलं की भांडणं सुरू होतात.

‘पुरेसा’ घ्या. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाण्याला ओढ कमी असते, गढूळपणा खाली बसतो. अशा दिवशी स्नॉर्कलिंगचा गाइड कुणालाही सक्षम वाटेल. आठ दिवसांनी अमावास्येच्या उधाणात तोच पोरगा चार पर्यटकांना घेऊन गेला की खरं कळतं. मग असेसरने दोनदा यायचं का? शक्य असेल तर हो. नसेल तर जे पाहायला मिळालं नाही ते प्रश्नांतून काढायचं: "समज, आता पाणी बाहेर ओढायला लागलं. एक पर्यटक बोटीपासून लांब चाललाय. तू काय करशील?" आणि इथे असेसरचा सगळ्यात मोठा मोह म्हणजे उत्तर प्रश्नातच घालून देणं. "आधी शिट्टी वाजवायची ना रे?" यावर कोण नाही म्हणेल? आम्ही असेसरांना सरावासाठी जोडीजोडीने बसवतो आणि एकच अट घालतो: प्रश्नाच्या शेवटी ‘ना’ आला की प्रश्न बाद. पहिल्या अर्ध्या तासात हशा पिकतो, मग लोक गप्प होतात, कारण ‘ना’ शिवाय प्रश्न विचारणं जड जातं.

‘त्याच माणसाचा’ हा मुद्दा मोबाइलमुळे चिघळलाय. व्हिडिओ पाठवला की पुरावा, असं अनेकांना वाटतं. मास्क लावून पाण्याखाली गेलेला पोरगा कोण आहे हे आईलासुद्धा ओळखू येणार नाही. म्हणून व्हिडिओच्या सुरुवातीला तोंड दाखवायचं, नाव आणि तारीख बोलायची, मधे कापायचं नाही. एवढी साधी सूचना लेखी दिली तरी निम्मे वाद संपतात.

‘ताजा’ हा नियम सगळ्यात दुखरा, कारण तो उमेदवाराला लागतो तसा असेसरलाही लागतो. बुडालेल्याला बाहेर काढल्यावर काय करायचं, हे घ्या. जुन्या माणसांनी पोट दाबून पाणी काढायला शिकलेलं असतं. ते करू नये. त्याने पोटातलं वर येऊन फुप्फुसात जायची भीती असते आणि महत्त्वाचा वेळ जातो. मग मधल्या काळात ‘फक्त छाती दाबा, तोंडाला तोंड नको’ असा प्रचार झाला. तो अचानक हृदय बंद पडलेल्या माणसासाठी. बुडालेल्याचं हृदय थांबतं ते हवा न मिळाल्यामुळे, म्हणून त्याला श्वास द्यावाच लागतो: सुरुवातीला तोंडाने श्वास, मग 30 वेळा छाती दाबणं आणि 2 श्वास, हे चक्र. मोठ्या माणसाची छाती 5 ते 6 सेंटीमीटर खाली जावी आणि मिनिटाला 100 ते 120 दाब पडावेत. प्रथमोपचाराची बरीचशी सर्टिफिकेटं 2 वर्षांनी पुन्हा घ्यावी लागतात ती याचसाठी.

आता विचार करा. किनाऱ्यावर मान असलेला पन्नाशीचा असेसर, त्याने खरंच दोन-तीन जीव वाचवलेले, आणि त्याची पद्धत जुनी. समोर बावीस वर्षांची मुलगी गोव्याच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेतून शिकून आलेली, ती नव्या पद्धतीने करते. तो तिला चूक ठरवतो. इथे मदत म्हणजे त्याला सगळ्यांसमोर दुरुस्त करणं नव्हे. आम्ही सीझनआधी फक्त असेसरांसाठी उजळणी ठेवतो, दार लावून, सरावाच्या बाहुलीवर. पहिल्या वर्षी एक काका दार लावल्यावर म्हणाले, "आता माका शिकव, भायर नाय सांगूचा." नाही सांगितलं. आताही नाव सांगत नाहीये.

लेखी काम ही आणखी एक डोकेदुखी. कलमं इंग्रजीत येतात, त्यांचं मराठी भाषांतर आणखी अवघड असतं. ‘ग्राहकाशी परिणामकारक संवाद साधणे’ म्हणजे किनाऱ्यावर काय? आम्ही बसून त्याची अशी फोड केली: पर्यटकाला पोहता येतं का विचारलं. दम्याचा त्रास, पोटुशी असणं, दारू प्यायलेली असणं याची चौकशी केली. हाताच्या खुणा दाखवल्या आणि त्याच्याकडून परत करून घेतल्या. नको म्हणणाऱ्याला जबरदस्ती केली नाही. हे सगळं डोळ्यांना दिसतं, कानांना ऐकू येतं, आणि लिहिता येतं. उमेदवाराचंही तेच. "माका येता सगळा, पण लिवूक नाय जमणा," असं म्हणणारा बोटवाला आहे, त्याला मालवणीत तोंडी विचारा. कामात जेवढं लिहावं लागतं तेवढंच त्याच्याकडून लिहून घ्या: पर्यटकांची नावं, वेळ, किती गेले, किती आले. सहज येतं त्याला.

एकच व्हिडिओ, दोन निकाल

पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात. होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात आणि सगळ्यांना वेळ असतो. मदतीचं माझं सगळ्यात मोठं काम या दिवसांत होतं. वेंगुर्ले, मालवण, देवगड, रत्नागिरी, गुहागर इथले असेसर एका वर्गात बसतात आणि आम्ही एकच व्हिडिओ सगळ्यांना दाखवतो. आपापसात न बोलता प्रत्येकाने निकाल लिहायचा. याला मॉडरेशन म्हणतात; मी त्याला मापं जुळवणं म्हणते. बाजारातली वजनं-मापं तपासतात तसं.

गेल्या वेळचा व्हिडिओ चार मिनिटांचा होता. बनाना उलटतो, सहा जण पाण्यात. बोटवाला वळून येतो, माणसांजवळ येताच इंजिन न्यूट्रलला टाकतो, एकेकाला वर घेतो. सगळं झटपट, शांतपणे. सात असेसरांपैकी चौघांनी ‘सक्षम’ लिहिलं, तिघांनी नाही.

तिघांतल्या एकाने व्हिडिओ मागे नेला आणि थांबवला. किल स्विचची दोरी स्टिअरिंगला लोंबत होती. ही दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा मांडीला बांधलेली असायला हवी. तो पाण्यात फेकला गेला तर दोरी सुटून इंजिन बंद पडतं, नाहीतर चालकाशिवाय फिरणारी बोट पंख्यासकट माणसांवर येते. दुसऱ्या एकीने सांगितलं, याने माणसं वर घेतली पण डोकी मोजली नाहीत; सहावा उलटलेल्या बनानाच्या पलीकडे होता, तो दिसला तो योगायोगाने.

यावर चौघांतला एक उसळला: "आमच्यात किल स्विच कोण लावता? मगे सगळेच नापास करूचे?"

खोलीत शांतता. हा प्रश्न खरा होता आणि त्याला पुस्तकी उत्तर देऊन चाललं नसतं. निकष चुकीचा आहे का? नाही, कुणीच तसं म्हटलं नाही. मग किनाऱ्याची सवय चुकीची आहे. आणि ही सवय आजवर कुणी कागदावर आणली नव्हती, कारण प्रत्येक असेसर एकट्याने उभा होता आणि एकट्याने ती सोडून देत होता. तासभर भांडण झालं. शेवटी ठरलं की काही गोष्टी अशा आहेत ज्यांची भरपाई दुसऱ्या कशाने होत नाही. लेखी पेपरात सत्तर टक्के मिळाले की पास, चालतं. पाण्यात राहिलेले तीस टक्के म्हणजे नेमकं जॅकेट असेल तर? म्हणून किल स्विच, जॅकेटची ओढून तपासणी, निघताना आणि येताना डोकी मोजणं, न्यूट्रल, या चार गोष्टींपैकी एक राहिली तरी ‘अजून नाही’. बाकी बाबतींत असेसरने आपली बुद्धी वापरावी. हा ठराव ज्याने तो प्रश्न विचारला त्याच्याच अक्षरात लिहून घेतला. मुद्दाम.

अशी बैठक वर्षातून एकदा पुरत नाही, पण एकही नसण्यापेक्षा फारच बरी. जिमवाल्यांची वेगळी घेतो. तिथे भांडण वेगळं असतं, स्क्वॉट करताना मागे आधाराला माणूस उभा राहिला की नाही यावर. कबड्डीवाल्यांची अजून जमलेली नाही, त्यांचे चार जण एका वेळी एका खोलीत मिळत नाहीत.

गावकी

आता मूळ दुखण्याकडे. कोकणात वाडी म्हणजे वाडी. असेसरने ज्याला ‘अजून नाही’ म्हटलं त्याच्या घरी उद्या लग्न आहे, परवा पालखी. बोटमालक त्याचा चुलतभाऊ आहे. ‘तटस्थ राहा’ असं लिहून पाठवणं म्हणजे होडीत बसलेल्याला ‘भिजू नकोस’ सांगणं.

यावर तीन गोष्टी उपयोगी पडतात असा माझा अनुभव. एक, अदलाबदल: वेंगुर्ल्याच्या असेसरने देवबागला जायचं, मालवणच्याने वेंगुर्ल्याला. एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी कुणीतरी द्यायला लागते, आणि नेमकं तेच बजेटात नसतं. ख्रिसमसच्या आठवड्यात बोट सोडून कागद भरायला कुणी येणार नाही, हे कागद बनवणाऱ्यांना माहीत असायला हवं. दोन, अपील. उमेदवाराला निकाल मान्य नसेल तर दुसऱ्या असेसरकडे जायचा हक्क आहे, हे परीक्षेआधीच मोठ्याने सांगायचं. हा हक्क उमेदवारासाठी आहेच, पण असेसरचंही ओझं त्याने उतरतं: "माझ्यावर राग नको, दुसऱ्याकडून बघून घे." आणि तिसरी, फोन. निकाल द्यायच्या आधी पाच मिनिटं कुणाशी तरी बोलायला मिळणं. माझ्या कामाचा मोठा भाग या फोनवर जातो.

दांडीवरच्या त्या असेसरनेही मला फोन केला होता. "मॅडम, पाच जणांचा बरोबर केल्यान. एकाच चेडवाचा ऱ्हवला. काय करू?" चेडू म्हणजे ती मुलगी. मी काय करायचं ते सांगितलं नाही. पाहिलेलं जसंच्या तसं लिहायला सांगितलं आणि ते फोनवर वाचून घेतलं. त्याने लिहिलं होतं: ‘पाच मोठ्यांची जॅकेटं आवळून, खांद्याशी ओढून तपासली. सहावी मुलगी, वय सात-आठ. जॅकेट मोठ्या मापाचं. ओढून तपासलं नाही. बोटीकडे पाठवली. मी थांबवून आवळलं.’ वाचून झाल्यावर तोच म्हणाला, "मगे अजून नाय, मां?" मी हो म्हटलं.

पोराला त्याने तिथेच, पर्यटक गेल्यावर, बाजूला घेऊन सांगितलं. आधी जे जमलं ते, मग जे राहिलं ते, मग पुन्हा कधी ते. ‘तुझा काय खरा नाय’ असं काही नाही. पोरगा गप्प राहिला, मग म्हणाला की लहान मापाची जॅकेटंच नाहीत, मोठ्याचं कितीही आवळलं तरी वर येतंच, म्हणून तो मुलांचं बघतच नाही. ही गोष्ट कागदावर कुठेच मावत नव्हती. असेसरने पानाच्या मागे लिहिली.

संध्याकाळी बाप आला. चहा झाला. बापाने कागद हातात घेतला, वाचला, म्हणाला, "पाच जणांचा बरोबर केल्यान मा?" असेसर म्हणाला, "केल्यान." बराच वेळ कुणी बोललं नाही. मग बापाने विचारलं, "चेडू खयचा होता?"

बारा दिवसांनी वेंगुर्ल्याहून दुसरा असेसर आला, पोराचा नातेवाईक नव्हे, ओळखीचाही नव्हे. त्या दिवशी रांगेत दोन मुलं होती. शेडमधल्या खुंटीवर लहान मापाची चार नवी नारंगी जॅकेटं टांगलेली, एकावर दुकानाची किमतीची चिठ्ठी अजून तशीच. पोराने आधी मुलांची जॅकेटं बांधली, ओढून पाहिली, मग मोठ्यांकडे वळला.